मळमळलं की आधी पिशवी बघावी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोटावर शौचाची पिशवी घेऊन रुग्ण घरी आला की पहिले दीड-दोन महिने घरात दोन तक्रारी रोज कानावर येतात: ‘मळमळतंय’ आणि ‘कडेनं झोंबतंय’. पहिलीवर ॲसिडिटीची गोळी आणि लिंबू-सरबत, दुसरीवर खोबरेल तेल, हे उपाय ठरलेले. करणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नाही, पण या उपायांनी बहुतेकदा काम बिघडतं. स्टोमाची, म्हणजे पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची, काळजी घेण्याचं काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांना आपल्या वाचकांपुढे एक साधी सवय ठेवायची आहे. मळमळलं की गोळीच्या आधी पिशवी बघावी आणि झोंबलं की मलमाच्या आधी काढलेल्या फ्लँजची, म्हणजे पिशवी त्वचेला चिकटवणाऱ्या चकतीची, पाठ बघावी.

त्याआधी ऑपरेशन नेमकं कोणतं झालंय ते माहीत हवं. घरच्यांच्या तोंडी सगळ्यालाच ‘बॅग’. इलिओस्टॉमीत लहान आतड्याचं टोक बाहेर काढलेलं असतं, बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला. पिशवीत दिवसरात्र थोडं थोडं येत राहतं. घडी बसल्यावर ते दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलि भरतं, फार तर लिटरभर, आणि सरसरीत पिठल्याइतकं दाट असतं. कोलोस्टॉमी मोठ्या आतड्याची, बहुधा डावीकडे. तिथं शौच नेहमीच्या जवळपास जाणारं, दिवसातून एकदा-दोनदा, कधी एखादा दिवस नाहीही. एकाच मळमळीचा अर्थ या दोघांत वेगळा होतो, म्हणून डिस्चार्ज कार्डावरचा तो एक शब्द घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

आता मळमळ. पिशवीत नेहमीसारखं येतंय, पोट मऊ आहे, फक्त गोळ्या घेतल्यावर तासाभरात ढवळतं, असं असेल तर संशय औषधावर घ्यावा. दुखण्यासाठी दिलेलं ट्रॅमॅडॉल आणि संसर्गासाठी दिलेलं मेट्रोनिडॅझोल हे दोन नेहमीचे गुन्हेगार. दुसऱ्यानं तर तोंडाला धातूची चवही येते. रिकाम्या पोटी घेतलं की जास्त. चार घास पेज किंवा मऊ भात खाऊन मग गोळी घेतली तर बराच फरक पडतो. तरी थांबत नसेल तर डॉक्टरांना विचारून ट्रॅमॅडॉल कमी करून पॅरासिटामॉलवर यावं. इथं एक खड्डा आहे: ट्रॅमॅडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वर वेगळी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसाला चारदा घेतली तर हिशेब कुठच्या कुठे जातो. मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरंच कमी. कोलोस्टॉमीवाल्यांना ट्रॅमॅडॉलनं बद्धकोष्ठही होतं, आणि दोन दिवस साचलं की पुन्हा मळमळ. गोळी बदलून ती जात नाही, पोट साफ झाल्यावर जाते.

दुसरा प्रकार घाबरण्यासारखा. इलिओस्टॉमी आहे, चार ते सहा तास पिशवी कोरडी, पोटात कळा येऊन जातायत, फुगलंय आणि मळमळतंय, म्हणजे आतडं कुठेतरी अडलेलं असू शकतं. पहिल्या आठवड्यांत आतड्याला सूज असते, त्यामुळे पोटाच्या भिंतीतून बाहेर येतानाची वाट अरुंद असते. त्यात पोह्यांवर भुरभुरलेलं ओलं खोबरं, साबुदाण्याच्या खिचडीतले दाणे, मक्याचं कणीस, शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीचं साल, उसाचा तुकडा यांचा बोळा होतो. फसगत अशी की अडथळा अर्धवट असेल तर त्याच्या कडेनं पातळ, पाण्यासारखं आणि फार घाण वासाचं जोरात येतं. घरचे म्हणतात जुलाब लागले, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. अडलेल्या आतड्याला आणखी बांधून टाकलं जातं. उलटीच्या नेहमीच्या दोन गोळ्याही, डोमपेरिडॉन आणि मेटोक्लोप्रॅमाइड, आतडं पुढे ढकलणाऱ्या आहेत. अडथळ्यात त्या स्वतःहून देऊ नयेत, कळा वाढतात. आणि इलिओस्टॉमीवाल्याला पोट साफ करणारं रेचक तर कधीच नाही.

अशा वेळी घन खाणं लगेच बंद करावं. नाडी, पट्टा, जे काही पोटावर आवळलेलं असेल ते सैल करावं. स्टोमा सुजून मोठा झालेला दिसला तर फ्लँज काढून जरा मोठं भोक कापलेली दुसरी लावावी, नाहीतर तीच कड त्याला करकचते. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यावेत, अर्ध्या तासानं कूस बदलावी. कोमट टॉवेल टाक्यांपासून दूर ठेवायला हरकत नाही. पोट चोळू नये. ऑपरेशनला सहा आठवडे झालेले नसताना तर नाहीच. उलटी नसेल आणि थोडं तरी येत असेल तर कोमट पाणी घोटघोट. उलटी सुरू झाली, किंवा एवढं करूनही पिशवी कोरडीच, तर पाणीसुद्धा बंद आणि थेट हॉस्पिटल. रात्र असली तरी. कोलोस्टॉमीत दीड-दोन दिवस काही आलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, पण वाराही सरत नाही, पोट टम्म आहे आणि उलटी होतेय, तर तिथंही वाट बघत बसू नये.

तिसऱ्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरात सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. पिशवी भराभर भरतेय, दिवसातून आठ-दहा वेळा रिकामी करावी लागतेय, तोंड कोरडं, पोटऱ्यांत गोळे, उभं राहिलं की अंधारी, लघवी थोडी आणि गडद पिवळी, आणि वर मळमळ. ही मळमळ पोटातली नव्हे; शरीरातलं पाणी आणि मीठ गेल्याची आहे. मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम पाणी आणि सोडियम शोषून परत घेणं, आणि इलिओस्टॉमीत तेच वगळलं गेलेलं असतं. रुग्णाला तहान लागते, तो तांब्याच्या तांब्या साधं पाणी पितो. लहान आतड्यात नुसतं पाणी गेलं की ते समतोल साधायला शरीरातलं सोडियम आतड्यात ओढतं, आणि दोन्ही मिळून पिशवीत. जितकं पाणी प्यावं तितकं जास्त जातं. शहाळ्याचं पाणी बिचारं चांगल्या मनानं आणलेलं असतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं. सरबतात साखर जास्त, मीठ चिमूटभर. जास्तीची साखरही पाणी ओढते. चहाचंही तेच.

इथं लागतं ते ओआरएस, आणि तेही नीट मापानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं साधारण २१ ग्रॅमचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात घालायचं. त्यात दर लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं. दुकानात २०० मिलिची छोटी पाकिटंही मिळतात. छोटं पाकीट लिटरभर पाण्यात किंवा मोठं पाकीट एका पेल्यात, या दोन्ही चुका रोजच्या आहेत. अर्धं पाकीट आता, अर्धं मग, असंही नको, कारण भुकटीतले घटक सारखे वाटले जात नाहीत. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीनं वरचा ढीग काढलेला. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यावं. मळमळत असेल तर फ्रीजमध्ये गार करून, वाटल्यास लिंबाचे चार थेंब पिळून घ्यावं. गार असेल तर खारटपणा सोसवतो. खोक्यातली तयार फळांची पेयं ओआरएस म्हणून घेऊ नयेत. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सूत्राबाहेरच्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली, ती उगाच नाही.

उलटी झाली असेल तर अर्धा तास काही देऊ नये. मग दर पाच मिनिटांनी दोन चमचे. पेला तोंडाला लावला की परत उलटी. पिशवीतलं मोजायला स्वयंपाकघरातलं नव्हे तर वेगळं प्लास्टिकचं मापाचं भांडं ठेवावं आणि कॅलेंडरवर आकडा लिहावा. २४ तासांत दीड लिटरच्या वर गेलं, किंवा दिवसभराची लघवी लिटरपेक्षा बरीच कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. लोपेरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी इथं उपयोगी पडते, जेवणाआधी अर्धा तास, पण अडथळा नाही याची खात्री करून आणि डॉक्टरांनी डोस सांगितल्यावर. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ किती हे विचारून घ्यावं. ‘बीपी आहे म्हणून अळणी’ हा जुना नियम इलिओस्टॉमीनंतर तसाच चालवणं धोक्याचं असतं. आणि शरीर असं कोरडं पडलेलं असताना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. मूत्रपिंडाला इजा होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर हे फारच जपायला हवं.

मळमळतंय म्हणून उपाशी राहण्यातही अर्थ नाही. रिकाम्या आतड्यात वारा धरतो, गुडगुड वाढते आणि मळमळही. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर: मिठाची पेज, मऊ भात आणि मुगाचं वरण, कुस्करलेला बटाटा, पिकलं केळं, दही, अंडं, भाजलेला पापड, चुरमुरे. चुरमुरे खारट, कोरडे आणि चोथा नसलेले, म्हणून सकाळच्या मळमळीला पलंगाशेजारी डबाच ठेवावा. जेवताना पाणी कमी. अर्धा तास आधी किंवा नंतर. भाकरी, उसळ, पालेभाजी सहा आठवड्यांनंतर, एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि चावून चावून. फोडणीचा वास सोसत नसेल तर त्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवावं.

पिशवीच्या वासानंही ढवळतं. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी, अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नये. ओझ्यानं फ्लँजही सुटते. वारा जावा म्हणून पिशवीला टाचणीनं भोक पाडण्याची युक्ती कुणीतरी कुणाला सांगत असतं. मग वास चोवीस तास येत राहतो. वासासाठी पिशवीत ॲस्पिरिनची गोळी टाकणंही तसंच: ती स्टोमाला लागते आणि त्यातून रक्त येतं.

आता झोंबण्याकडे. स्टोमाला स्वतःला वेदना नसतात, तिथं दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर असावा. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तर काही नाही. काळपट-जांभळा झाला तर मात्र ताबडतोब हॉस्पिटल. झोंबते ती त्याच्या भोवतालची त्वचा. लहान आतड्यातून येणाऱ्या मळात अन्न पचवणारे रस असतात, ते त्वचेलाही पचवायला बघतात. पूर्वी इलिओस्टॉमी पोटाच्या पातळीला सपाट ठेवत आणि त्वचेचे फार हाल होत. १९५२ मध्ये ब्रायन ब्रूक या इंग्लिश शल्यविशारदानं आतड्याचं टोक मोज्यासारखं बाहेर उलटवून दोन-अडीच सेंटीमीटरची तोटी करायची पद्धत मांडली. आजही तीच वापरतात. त्वचा झाकायला त्याच दशकात कराया डिंक वापरात आला. हा डिंक म्हणजे आपल्या जंगलातल्या पांढऱ्या सालीच्या कांडोळाचा. आताच्या फ्लँज त्याच्या पुढच्या पिढीच्या आहेत, पण तत्त्व तेच: मळ त्वचेला लागू द्यायचा नाही.

तो लागतो कसा, ते बघा. डिस्चार्जच्या दिवशी सुजलेला स्टोमा ४० मिमीचा आहे. चोहोबाजूंनी २ मिमी सोडून फ्लँजला ४४ मिमीचं भोक कापलं. बरोबर. पण सूज सहा ते आठ आठवडे उतरत असते. महिन्याभरात स्टोमा ३० मिमीवर आला आणि घरचे अजून त्याच जुन्या कागदावरून ४४ मिमी कापतायत. म्हणजे चारी बाजूंनी ७ मिमी त्वचा उघडी, अंगठीसारखी, दिवसरात्र मळात भिजलेली. ‘पहिल्यांदा छान होतं, आता का झोंबतंय?’ याचं सर्वांत सामान्य उत्तर हे आहे. पहिले दोन महिने दर आठवड्याला मापपट्टीनं मोजावं. स्टोमा लांबट असेल तर पारदर्शक प्लास्टिकवर त्याची कड गिरवून तोच साचा वापरावा. फार घट्ट कापणंही वाईट, कड आतड्याला घासते.

बदलायची वेळ सकाळी, काही खाण्याआधी, जेव्हा स्टोमा शांत असतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या सुती फडक्यानं त्वचा खाली दाबत फ्लँज वरून खाली सोडवायची, ओढायची नाही. मग ती टाकून देण्याआधी उलटी करून बघायची. भोकाभोवती सगळीकडे सारखीच विरघळलेली असेल तर भोक मोठं आहे किंवा फार दिवस ठेवली. एकाच बाजूला, समजा घड्याळातल्या सहाच्या आकड्यापाशी, ओघळ गेला असेल तर बसल्यावर तिथं पोटाला वळी पडते. ती वळी पेस्टनं किंवा रिंगनं भरायला हवी. पेस्ट चिकटवायची नसते, ती भेगा बुजवायची पुट्टी आहे. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून सोललेल्या त्वचेवर ती आग आग करते. फ्लँजच्या कडेला लावून अल्कोहोल मिनिटभर उडू द्यावं. लाली बरोबर चिकटपट्टीच्या आकाराची असेल तर ॲलर्जीचा विचार. लाल डाग आणि त्यापासून सुटे सुटे दाणे, खाज, असं असेल तर बुरशी. त्याला बुरशी मारणारी पावडर लागते, मलम नव्हे. केसांच्या मुळाशी पुळ्या असतील तर केस उपटले जातायत. ते केसांच्या दिशेनं भादरावेत.

धुवायला फक्त पाणी. साबण नको, डेटॉल नको, ओले सुगंधी रुमाल नकोत. टिपून कोरडं करायचं आणि दोन-तीन मिनिटं पंख्याखाली. सोललेली, ओलसर जागा असेल तिथंच स्टोमा पावडर भुरभुरायची, जादाची झाडून टाकायची. पांढरा थर राहिला तर फ्लँज त्याला चिकटते, त्वचेला नाही. खोबरेल, हळद, बोरोलीन, टाल्कम यांनी हेच होतं. फ्लँज सुटते, मळ आत शिरतो आणि संध्याकाळी दुप्पट झोंबतं. लावल्यावर तळहातानं तीन ते पाच मिनिटं दाबून पडून राहावं, कारण ती अंगाच्या उबेनं चिकटते. साधारण तीन-चार दिवस पुरते. फ्लँज महाग आहे म्हणून कडेनं गळायला लागल्यावर वरून डॉक्टरी पट्टी मारून आणखी दोन दिवस ढकलणं आम्हाला समजतं, पण त्यात जी त्वचा जाते ती भरायला जास्त फ्लँज लागतात. झोंबायला लागलं तोच फ्लँज बदलायचा दिवस, ठरलेला वार नाही.

टाक्यांच्या दुखण्याबद्दल थोडक्यात. खोकताना, हसताना आणि विशेषतः उलटी येताना उशी किंवा घडी केलेली चादर पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरावी. उठताना आधी कुशीवर वळून कोपरानं अंग उचलावं, सरळ उठू नये. सहा ते आठ आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलू नये. भरलेली बादली पंधरा किलोच्या घरात जाते, हंडा आणि गॅसचं सिलिंडर तर बोलायलाच नको. स्टोमाच्या बाजूनं हर्निया होतो तो इथूनच. परकराची नाडी स्टोमावर येऊ नये. गुदद्वार काढून शिवलेलं असेल तर उकिडवं बसणं बंद, मऊ उशीवर बसावं. हवेच्या गोल रिंगवर बसू नये, तिनं खालची जखम ताणली जाते. गुदद्वार नसतानाही शौचाला लागल्यासारखं वाटतं. तो भास नसांचा आहे, वेड लागलेलं नाही. ताप १००.४ अंशांच्या वर गेला किंवा जखमेतून पू आला तर फोन करून विचारत बसू नये, दाखवावं.

शेवटी हॉस्पिटलांकडे एक मागणी. घरी सोडताना मराठीत एक कागद द्यावा: ऑपरेशन कोणतं, स्टोमाचं आजचं माप किती आणि पुन्हा कधी मोजायचं, या रुग्णाच्या पिशवीत दिवसाला किती मिलि आलेलं चालेल, कुठली औषधं नकोत, आणि रात्री दोन वाजता उचलला जाईल असा फोन नंबर. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा परिचर्येचं प्रशिक्षण मिळतं. ते घेतलेली निदान एक परिचारिका मोठ्या शल्यविभागात असावी, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमाची जागा तिनं खूण करून द्यावी. ती खूण रुग्णाला झोपवून, उभं करून आणि मांडी घालून बसवून, नेहमीच्या साडीत किंवा पँटमध्ये बघूनच करायची असते. वळीत बसलेला स्टोमा जन्मभर गळतो.

आपल्या,
स्टोमा परिचर्येतील काही परिचारिका, पुणे